नवरा आणि पोर सोबत न्यायचं असेल तर फॉर्म भरायच्या आधी या ऑफिसात एकदा बसा: जळगावच्या स्टुडंट व्हिसावाल्यांचा अनुभव

मी चोपडा तालुक्यातली, बी फार्म, सात वर्षं मेडिकल सांभाळलं, लग्न होऊन नऊ वर्षं झाली आणि साडेचार वर्षांचा मुलगा आहे. बाहेर जाऊन मास्टर्स करायचं हे लग्नाआधीपासून डोक्यात होतं ते शेवटी ३१ व्या वर्षी जमतंय, फेब्रुवारी २०२६ च्या इनटेकला आम्ही तिघं ऑस्ट्रेलियाला निघालोय. व्हिसा हातात आला तेव्हाच ठरवलं की या ऑफिसबद्दल नीट लिहायचं, कारण आपल्याकडे अनमॅरिड पोरांना सांगणारे पन्नास जण आहेत पण संसार सोबत घेऊन जाणाऱ्या बाईला सरळ माहिती देणारं कुणी भेटत नाही. रिंग रोडच्या मागच्या गल्लीत, खाली झेरॉक्सचं दुकान आणि वर पहिल्या मजल्यावर यांच्या दोन खोल्या. नाव इथे टाकत नाही, ज्याला पाहिजे त्याने विचारा, सांगते.

आधी हे सांगते की आम्ही इथे पहिल्यांदा गेलो तेव्हा पंचवीस हजार रुपये आधीच दुसरीकडे घालवून बसलो होतो. मे २०२५ मध्ये दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या काचेच्या ऑफिसात गेलो होतो, तिथे काउन्सेलिंग फ्री, चहा-बिस्किट, भिंतीवर सगळ्या देशांचे झेंडे. तिथल्या माणसाला मी पहिलाच प्रश्न विचारला की युकेला एमएससी केलं तर मिस्टर आणि मुलगा येतील ना? तो म्हणाला हो ना मॅडम, तुम्ही आधी जा, महिन्या-दोन महिन्यात डिपेंडंटची, म्हणजे सोबत येणाऱ्या नवऱ्या-पोराची, फाईल टाकू. मग प्रोसेसिंगचे म्हणून पंचवीस हजार घेतले, ऑफर लेटर आलं, आणि डिपॉझिट भरायला आठ दिवस दिले.

डिपॉझिट भरायच्या दोन दिवस आधी माझ्या मावसभावाने या जळगावच्या सरांचं नाव सांगितलं, फक्त सेकंड ओपिनियन घे म्हणाला. आम्ही एसटीने आलो, मुलगा मांडीवर, ऑफिसात एसी नाही, जूनचा उकाडा. सरांनी ऑफर लेटर हातात घेतलं, कोर्सचं नाव वाचलं आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाले, "ताई, या कोर्सवर तुमचे मिस्टर आणि बाळ येऊ शकत नाहीत. आत्ता नाही, दोन महिन्यांनी नाही, कोर्स संपेपर्यंत नाही." मी म्हटलं पण ते तर म्हणाले होते. त्यांनी काही वाद घातला नाही, कॉम्प्युटरचा स्क्रीन आमच्याकडे फिरवला, ब्रिटिश सरकारची वेबसाईट उघडली आणि एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. १ जानेवारी २०२४ नंतर सुरू झालेल्या कोर्सला डिपेंडंट फक्त पीएचडी किंवा रिसर्च बेस्ड डिग्रीवाल्यांना, नाहीतर सरकारी स्पॉन्सरशिपवर जाणाऱ्यांना. मी विचारलं, आमच्या एमएससीत शेवटी डिझर्टेशन आहे ते रिसर्च नाही का? नाही. शेवटी प्रोजेक्ट असला तरी तो वर्गात शिकवायचाच कोर्स धरतात, एमरेस (संशोधनाची मास्टर्स) किंवा एमएससी बाय रिसर्च वेगळं असतं आणि युनिव्हर्सिटीच्या लेटरवर ते तसं स्पष्ट दिसावं लागतं.

मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. मिस्टर गप्प. त्या बिचाऱ्या माणसाने उठून पाण्याचा ग्लास आणला आणि म्हणाले रडू नका, पैसे पंचवीसच गेलेत, डिपॉझिट भरलं असतं तर लाखांत गेले असते. खरंच आहे. घरी सासूबाई रोज विचारायच्या "तुना आंडोर संगे यी ना व?" (तुझा मुलगा सोबत येईल ना गं?) आणि मी रोज हो हो म्हणत होते, सप्टेंबरमध्ये तिकडे एकटी उतरल्यावर हे कळलं असतं तर मी काय केलं असतं हा विचार आला तरी आजही पोटात गोळा येतो.

मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि देशांची नावं लिहून पुढे फक्त दोनच रकाने केले, "नवरा काम करू शकतो का" आणि "पोराची शाळा". हा कागद मी जपून ठेवलाय. अमेरिका लिहिलं, विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठीच्या एफ-टू व्हिसावर नवरा-पोर जातात, पोराला शाळेत घालता येतं, पण नवऱ्याला एक तासही नोकरी करता येत नाही. म्हणजे मी शिकणार आणि हे घरात बसणार, एका स्कॉलरशिपशिवायच्या घराला ते झेपत नाही. कॅनडा लिहिलं, २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला ओपन वर्क परमिट (कुठेही काम करायची परवानगी) फक्त मास्टर्स निदान १६ महिन्यांचं असेल तर, किंवा पीएचडी आणि काही ठराविक प्रोफेशनल कोर्स असतील तर, पूर्वीसारखं डिप्लोमावर नाही. आपल्या भागातली कितीतरी मुलं एक वर्षाच्या डिप्लोमावर बायकोला घेऊन गेलेली बघितलीयत, तो रस्ता आता बंद आहे हे गावात अजून माहितीच नाही. जर्मनीचं म्हणाले मी फाईल करत नाही, भाषेचं आणि एपीएसचं (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं सर्टिफिकेट) काम मला नीट येत नाही, नाशिक-पुण्याला विचारा. स्वतःला येत नाही ते तोंडावर सांगणारा माणूस मला तिथेच पटला.

ऑस्ट्रेलियाच्या पुढे त्यांनी दोन्ही रकान्यांत "हो" लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात "पण पैसा". मास्टर्स सुरू झालं की जोडीदाराच्या कामाला तासांची मर्यादा नाही, विद्यार्थ्याला मात्र कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तास. आणि कोर्स सुरू व्हायच्या आधी दोघांपैकी कुणीच कामाला लागायचं नाही, हे त्यांनी मिस्टरांकडे बघून दोनदा सांगितलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सगळ्यात आधी विचारली होती, माझं वय. मला वाटलं चौकशी म्हणून विचारतायत, पण कोर्स झाल्यावर तिथे कामासाठी राहायचा जो व्हिसा आहे त्याला १ जुलै २०२४ पासून वर्गात शिकवायच्या (कोर्सवर्क) मास्टर्सवाल्यांना ३५ वयाची अट आलीय. मी ३१, दोन वर्षं कोर्स, बसते. माझ्या एका मैत्रिणीला ३४ व्या वर्षी दोन वर्षांच्या कोर्सला एका एजंटने घातलंय, तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं, तिला मी फोन केला तेव्हा कळलं.

आता पैशाचं, कारण आपल्या भागात खरी गाडी इथेच अडकते. ऑस्ट्रेलियाचा वर्षाच्या राहणीचा हिशोब असा की विद्यार्थ्याचे २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर, जोडीदाराचे १०,३९४, एका मुलाचे ४,४४९, म्हणजे तिघांचे ४४,५५३ डॉलर, आमच्या वेळच्या भावाने जवळपास २६ लाख. त्यावर पहिल्या वर्षाची फी, विमानाचं तिकीट, आणि मूल शाळेच्या वयाचं असेल तर शाळेचे अजून १३,५०२ डॉलर. मुलगा साडेचारचा, तिथे गेल्या गेल्या पाचचा होणार, म्हणून सरांनी शाळेचे पैसे धरायलाच लावले. मिस्टर म्हणाले सर एवढे आठ लाख कशाला वाढवताय, अजून पाच पूर्ण नाही झाला. सर म्हणाले, "फॉर्म वाचणारा माणूस जन्मतारीख वाचतो दादा, तुमचं म्हणणं नाही." हे सगळे पैसे खर्चायचे नसतात, दाखवायचे असतात, पण खरे असावे लागतात आणि तुमचेच आहेत हे पटवावं लागतं.

आमचे पैसे कुठे होते तर आबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, पतसंस्थेतल्या ठेवीत. केळीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, आली की आबा बँकेत जातच नाहीत, थेट पतसंस्थेत, वीस वर्षांची सवय, तिथला मॅनेजर ओळखीचा, व्याज अर्धा टक्का जास्त. सरांनी पावत्या बघितल्या आणि बाजूला ठेवल्या. म्हणाले पतसंस्था सहकार खात्याच्या रजिस्ट्रारखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही, हे पैसे व्हिसाला दाखवायला धरू नका, बँकेत आणा. आबांना हे समजवायला मिस्टरांना चार दिवस लागले. ठेव मोडली, व्याज गेलं, पण राष्ट्रीयीकृत बँकेत पैसे आले आणि मग सरांनी केळीच्या तीन वर्षांच्या पट्ट्या, सातबारा, आबांचं नोटरी केलेलं पत्र की सुनेच्या शिक्षणासाठी हे पैसे देतोय, आणि नातं दाखवायला मिस्टरांचा जन्मदाखला असं सगळं एका खाली एक लावलं. घरातलं सोनं मोजायचं नाही हे पण स्पष्ट सांगितलं, आमच्या सासूबाईंना वाटत होतं की जळगावच्या सोन्याची पावती जगात कुठेही चालेल.

बाकीचं एज्युकेशन लोन. बँकेत आम्ही शेतीचा उतारा घेऊन गेलो तर शेतजमीन तारण घेत नाहीत म्हणाले, बिगरशेती प्लॉट किंवा घर पाहिजे, शेवटी माझ्या माहेरचा अमळनेरचा प्लॉट दिला. माझे वडील एका शब्दाने काही बोलले नाहीत, कागद कपाटातून काढून टेबलावर ठेवले. यापेक्षा जास्त इथे लिहीत नाही.

ज्यांचा विचार युकेचा आहे त्यांच्यासाठी माझ्या मावसभावाचं सांगते, तो सिंगल आहे, याच सरांकडून जानेवारी २०२६ च्या इनटेकला गेला. तिथला नियम अजून कडक आहे. पैसे एकतर स्वतःच्या खात्यात नाहीतर आई-वडिलांच्या, मामाचे, काकांचे, मोठ्या भावाचे चालत नाहीत. आता आपल्या एकत्र घरात पैसा काकांच्या नावावर आणि शिकणार पुतण्या हे किती घरांत आहे सांगा. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड धरतात, नऊ महिन्यांचे १०,५३९, आणि फीमधले जे राहिलेत ते वेगळे, आणि ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून पाहिजे, एक दिवससुद्धा खाली गेली की मोजणी परत एकपासून. काकांनी पैसे मावशीच्या खात्यात टाकले, सगळं बरोबर चाललं होतं, तेविसाव्या दिवशी मावसाने त्याच खात्यातून खताचे चाळीस हजार काढले कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सरांनी स्टेटमेंट बघताना बोट ठेवलं, इथे बॅलन्स खाली गेलाय. पुन्हा २८ दिवस. इनटेक हातातून जायची वेळ आली होती, पण तसंच घुसवू असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी पासबुकच्या कव्हरवर लाल पेनने तारीख लिहून दिली, या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, आणि मावसाला फोन करून स्वतः सांगितलं. त्याला हे पण आधीच सांगून ठेवलंय की कोर्सनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्याला दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा मिळणार, तो हिशोब धरूनच लोन काढ.

परत आमच्याकडे येते. कागदात सगळ्यात जास्त वेळ नावांनी खाल्ला. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव नुसतं पहिलं, आडनावच नाही, आणि लग्नाची नोंदणी तर केलेलीच नव्हती. २०१६ ला लग्न झालं, हजार माणसं जेवली, पण ग्रामपंचायतीत कागद नाही. सरांकडे जी मुलगी कॉम्प्युटरवर बसते ती पंचवीसची असेल, तिने सगळे कागद टेबलावर पसरले आणि पेन्सिलने प्रत्येक नावाखाली रेघ मारली, माझं एकच नाव पाच कागदांवर चार प्रकारे होतं. तिने क्रम लावून दिला, आधी विवाह नोंदणी, मग जन्मदाखल्यात दुरुस्ती, मग नोटरीचं प्रतिज्ञापत्र की या दोन्ही नावांची बाई एकच, आणि व्हिसा फॉर्ममध्ये आधीच्या नावांचा रकाना असतो तिथे दोन्ही नावं टाकायची, लपवायचं काही नाही. यात दीड महिना गेला. ज्या बायका हे वाचतायत त्यांनी देश कोणता हे ठरायच्या आधी हे कागद करून घ्या, ते कुठेही लागणारच आहेत.

एकदा पैशाची ओढाताण बघून मीच म्हटलं की मी एकटी आधी जाते, फॉर्ममध्ये फक्त माझंच नाव टाकू, यांचं नंतर बघू. सर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. ऑस्ट्रेलियाच्या फॉर्ममध्ये नवरा-पोर सोबत येणार नसले तरी त्यांची नावं दाखवावीच लागतात, नाही दाखवली तर नंतर त्यांना तुमच्या व्हिसावर बोलावणं अडचणीत येतं. काही एजंट फाईल सोपी दिसावी म्हणून लग्न लपवायला सांगतात, असं करणाऱ्याच्या ऑफिसातून उठून या, असं त्यांचं वाक्य होतं.

आणि ते प्रश्न. मार्च २०२४ पासून जुना लांबलचक एसओपी, म्हणजे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन, गेला, आता फॉर्ममध्येच प्रश्न असतात, प्रत्येकाला १५० शब्द. मी एका ओळखीच्या मुलीचं उत्तर घेऊन थोडं बदलून नेलं होतं. सरांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद परत दिला, "हे तुमचं नाही. तुम्ही मेडिकलवर काय करता ते सांगा." मी सांगत गेले की आमच्या आदिवासी पाड्यांवरून बाया येतात, औषधाची अर्धीच पट्टी नेतात कारण पैसे तेवढेच असतात, टीबीची गोळी मध्येच सोडतात, मी वहीत नावं लिहून ठेवते आणि महिन्याने निरोप पाठवते. ते म्हणाले हेच लिहा, म्हणून तुम्हाला पब्लिक हेल्थ करायचंय ना? रात्री दुकान बंद झाल्यावर काउंटरवर बसून लिहिलं, चार वेळा खोडलं, शेवटी १४६ शब्दांत बसलं. सात वर्षं मी रोज जे करत होते ते मला स्वतःलाच पहिल्यांदा नीट दिसलं असं म्हणेन.

व्हिसाची मेडिकल तपासणी ठरलेल्या क्लिनिकमध्येच करावी लागते, कुठल्याही डॉक्टरचं चालत नाही. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, आमचे एक्स-रे झाले, मुलाचा एक्स-रे नसतो, त्याचं टीबीसाठी रक्त घेतलं, फार रडला, बाहेर येऊन त्याला वडापाव दिला तेव्हा शांत झाला. अर्जाची फी जुलै २०२५ पासून मुख्य विद्यार्थ्याची २,००० डॉलर झालीय, नवऱ्या-पोराची वेगळी, आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. तिघांचा हेल्थ इन्शुरन्स पण फॅमिलीचाच घ्यावा लागतो, पूर्ण मुदतीचा. ऑक्टोबरमध्ये अर्ज टाकला, डिसेंबरमध्ये ईमेल आला, तिघांचाही. मी तेव्हा दुकानात होते, गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला औषध देऊन मगच यांना फोन लावला.

तक्रारी पण आहेत, त्या लिहिते. यांची फी काही कमी नाही, तिघांच्या फाईलचे आमच्याकडून अठरा हजार घेतले आणि अर्धे आधीच. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, व्हॉट्सअ‍ॅपला दोन-दोन दिवस उत्तर नाही, एकदा तर युनिव्हर्सिटीच्या ईमेलची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि मला सकाळच्या एसटीने येऊन दारात उभं राहावं लागलं, याचा मला राग आला होता आणि मी तसं बोलले पण. सरांनी ऐकून घेतलं, चूक मान्य केली. बसायला जागा कमी, लहान मूल घेऊन गेलात तर जिन्यावरच फिरवावं लागतं. तिथे घर शोधणं, शाळेत नाव घालणं यात ते काहीच मदत करत नाहीत, ते आमचं आम्ही केलं. कोर्स निवडताना चार युनिव्हर्सिट्यांपलीकडे पर्याय दाखवले नाहीत, कॉलेजकडून कमिशन मिळतं का म्हणून मी सरळ विचारलं तर म्हणाले मिळतं, दोन ठिकाणचं, आणि कोणत्या दोन ते पण सांगितलं. मी जी घेतली ती त्या दोनात नव्हती. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या न उचललेल्या फोनचा कापला.

जाणार असाल तर मंगळवार-बुधवारी सकाळी साडेदहाला जा, शनिवारी फार गर्दी असते. विवाह नोंदणीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला आणि घरातल्या ज्याच्या नावावर पैसे आहेत त्याचं पासबुक सोबत घेऊनच जा, आणि शक्य असेल तर त्या माणसालाही न्या. आम्ही पहिल्या वेळी आबांना नेलं नव्हतं, दुसऱ्या वेळी नेलं, आबा टोपी सावरून समोर बसले, सगळं ऐकलं आणि विचारलं की मग नातू तिथल्या शाळेत मराठी बोलंल का. सर म्हणाले, "ते तुमच्या सुनेच्या हातात आहे आबा, नियमात नाही."